पाय त्याचा प्लास्टरमध्ये, शिडी चढते ती

हल्ली एखादा सिनेमा किंवा वेब सिरीज आली की दोन दिवसांत कुणीतरी लिहितं, 'यात सगळा मेल गेझ भरलाय.' लगेच दुसरं कुणी लिहितं, 'छे, उलट यात तर स्त्री-पुरुष भूमिकांची अदलाबदल केलीय.' वाद रंगतो. हे शब्द ज्यांना कधी कुणी नीट समजावूनच सांगितले नाहीत, ते वाचणारे बाजूला पडतात. माझ्या मावसबहिणीने मला मागे सरळ विचारलं, "अगं, बाईच्या हातात पिस्तूल दिलं की झाली का अदलाबदल?"

मला तिचा प्रश्न फार आवडला, कारण गोंधळ नेमका तिथेच आहे. उत्तरासाठी मी सत्तर वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन रहस्यपट घेते: आल्फ्रेड हिचकॉकचा १९५४चा 'रिअर विंडो'. यातली नायिका पिस्तुलाला हात लावत नाही. ती सिनेमाभर सुंदर कपड्यांत वावरते, नायकाला जेवायला वाढते, त्याने लग्न करावं म्हणून झुरते. तरीही नायकाने करायची म्हणून ठरलेली बहुतेक कामं तीच करते. पुढे मी शेवटासकट सगळी गोष्ट सांगणार आहे, तेव्हा ज्यांना सिनेमा कोरा पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून यावं.

## आधी गोष्ट

न्यूयॉर्कचा ग्रेनिच व्हिलेज भाग, भर उन्हाळा. जेफ (जेम्स स्टुअर्ट) हा मासिकांसाठी जगभर फिरणारा छायाचित्रकार. मोटारींच्या शर्यतीचा फोटो काढायला शर्यतीच्या ट्रॅकच्या फार जवळ गेला आणि पाय मोडून बसला. आता कमरेपर्यंत प्लास्टर, चाकाची खुर्ची आणि मागच्या अंगणाकडे उघडणारी एक मोठी खिडकी, एवढंच त्याचं जग. अंगणाच्या पलीकडे इतरांच्या खिडक्या. उकाड्यामुळे सगळ्या सताड उघड्या. जुन्या चाळीत चौकाच्या एका बाजूला बसलं की समोरच्या बिऱ्हाडात आज काय बिनसलंय ते जसं न सांगता कळतं, तसंच हे. फरक इतकाच की इथे कुणी कुणाला नावाने ओळखत नाही.

हे अख्खं अंगण हॉलिवूडमध्ये पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलं होतं, त्यात ३१ घरं होती. जेफ तिथल्या माणसांना मनातल्या मनात नावं देतो. नाचाचा सराव करणारी 'मिस टॉर्सो', एकटीच दोन माणसांचं टेबल मांडून जेवणारी 'मिस लोनलीहार्ट्स'. आणि थॉरवाल्ड नावाचा खोट्या दागिन्यांचा फिरता विक्रेता, ज्याची बायको कायम अंथरुणाला खिळलेली. एका पावसाळी रात्री थॉरवाल्ड पेटी घेऊन पुन्हा पुन्हा बाहेर जाताना दिसतो. सकाळपासून बायको दिसेनाशी होते. जेफला वाटतं, याने तिचा खून केला.

जेफला भेटायला रोज दोन बायका येतात. एक विमा कंपनीची नर्स स्टेला (थेल्मा रिटर), फटकळ आणि शहाणी. दुसरी लिसा फ्रेमाँट (ग्रेस केली), फॅशनच्या जगात नाव कमावलेली, श्रीमंत, आणि जेफवर मनापासून प्रेम करणारी.

## बघायचं कुणी आणि दिसायचं कुणी?

आता तो 'मेल गेझ'. मराठीत पुरुषी नजर म्हणू. १९७५ साली लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी 'स्क्रीन' नावाच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला, तिथून हा शब्द सगळीकडे गेला. त्यांचं म्हणणं समजायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या भाषेतच ते आहे.

आपण 'मुलगी बघायला' जातो. मुलीकडचे मुलगी 'दाखवतात'. ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते तेव्हा खोलीतले सगळे तिच्याकडे बघतात. तीही पापणीआडून बघत असतेच, पण त्या बैठकीत तिच्या बघण्याला किंमत नसते. पसंती कळवायची ती मुलाकडून. बघणारा ठरवतो आणि जिला बघायचं ती दिसते, अशी ही वाटणी आहे.

मल्व्हीबाईंचं म्हणणं असं की जुन्या हॉलिवूडमध्ये हीच वाटणी कॅमेऱ्यात शिरली. कॅमेरा मुलाकडच्या सोफ्यावर बसवलेला असतो. तिकीट काढून आलेले आपण, बायका असलो तरी, त्याच सोफ्यावर बसतो. नायक बघतो, हिंडतो, गोष्ट पुढे नेतो. नायिका पडद्यावर येते तेव्हा गोष्ट जरा थांबते आणि आपण तिला बघतो.

आता 'रिअर विंडो' या चौकटीत बसतो का? वरवर पाहिलं तर तंतोतंत. जेफचा धंदाच बघण्याचा. आधी उघड्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीतून, मग हातभर लांबीच्या लेन्समधून तो बघत राहतो. मल्व्हीबाईंनी याच सिनेमाचं उदाहरण घेऊन एक मार्मिक गोष्ट दाखवली: लिसा खोलीत त्याच्या शेजारी बसलेली असते तोवर त्याला तिच्यात फारसा रस नसतो. ती अंगण ओलांडून पलीकडच्या खिडकीत दिसू लागते तेव्हा त्याचा जीव तिच्यात अडकतो.

हे खरं आहे. पण माझ्या मते ही अर्धीच गोष्ट झाली.

## खुर्चीत बसलेला नायक

लिसा पडद्यावर पहिल्यांदा कशी येते ते सावकाश पाहा. जेफ खुर्चीत झोपलेला आहे. त्याच्या चेहऱ्यावर एक सावली सरकत वर येते. मग लिसाचा चेहरा, अगदी जवळून, आपल्याच अंगावर आल्यासारखा. ती वाकून त्याचं चुंबन घेते. परीकथेत झोपलेली राजकन्या असते आणि तिला जागं करायला राजपुत्र येतो. इथे झोपलेला तो आहे, आणि बघणारी, पुढे येणारी, जागं करणारी ती. तो थट्टेने विचारतो, तू कोण? ती आपलं नाव तीन तुकड्यांत सांगते आणि प्रत्येक तुकड्याबरोबर खोलीतला एकेक दिवा लावते. लिसा. कॅरल. फ्रेमाँट. तोवर अंधारात असलेली खोली तिच्या हाताने उजळते.

त्या संध्याकाळचं जेवण 'ट्वेंटी-वन' या नामांकित हॉटेलातून येतं, वेटरसकट, तिच्या खर्चाने. जेवताना ती त्याला सुचवते की आता हे भटकणं पुरे, न्यूयॉर्कमध्ये स्थिर हो, फॅशनच्या फोटोंची कामं मी ओळखीने मिळवून देते. जेफ चिडतो. त्याची चीड समजायला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: घरजावई. कमावती, वजनदार बायको आपल्या ओळखीवर नवऱ्याला कामाला लावणार, आपल्या शहरात ठेवून घेणार, आणि नवरा तिच्या जगात तिचा माणूस म्हणून ओळखला जाणार. याउलट नवऱ्याच्या नोकरीसाठी बायकोने गाव सोडणं, हे तेव्हा तिथे काय आणि आपल्याकडे काय, बोलून दाखवायचीही गरज नसलेली गोष्ट. म्हणून जेफ उलटा सवाल टाकतो: माझ्याबरोबर जंगलात, जीपमध्ये, माशाची डोकी आणि भात खाऊन राहशील का?

त्या प्लास्टरकडेही जरा पाहू. आतून खाज सुटते तेव्हा जेफ एक लांब काठी आत घालून खाजवतो आणि त्याच्या तोंडावर सुटकेचे जे भाव उमटतात ते पाहून हसू येतं. पण विचार करा, या माणसाला आंघोळ दुसऱ्याच्या हातून, मालिश दुसऱ्याच्या हातून, जेवण दुसऱ्याने आणलेलं. तो उठू शकत नाही, आलेल्या माणसाला टाळू शकत नाही, घराबाहेर काय चाललंय ते खिडकीतून बघणं एवढंच त्याच्या हाती. असं आयुष्य जगभरात पिढ्यान्पिढ्या कुणाच्या वाट्याला आलं? माझी आजी दुपारची कामं उरकली की खिडकीत बसायची. रस्त्यावरून कोण गेलं, कुणाकडे पाहुणे आले, सगळं तिला ठाऊक असायचं. तिला बाहेर पडायला कारण लागायचं, खिडकीत बसायला लागायचं नाही. जेफ त्या जागी येऊन बसला आहे.

## समोरच्या खिडकीत उलटं प्रतिबिंब

ही अदलाबदल सगळ्यांत ठळक दिसते ती थॉरवाल्डच्या घरात. अमेरिकन अभ्यासक टानिया मॉडलेस्की यांनी १९८८च्या आपल्या पुस्तकात तिच्यावर बोट ठेवलं.

सहज वाटतं की जेफ पुरुष, थॉरवाल्ड पुरुष. लिसा बाई, थॉरवाल्डची बायकोही बाई. म्हणजे जोड्या लागल्या. पण काय दिसतं ते पाहा. पलीकडे एक माणूस जागेवर खिळलेला आहे आणि दुसरा त्याची उठबस करतो. अलीकडेही एक माणूस खिळलेला आहे आणि दुसरं माणूस त्याची उठबस करतं. पलीकडे खिळलेली बायको आहे, अलीकडे खिळलेला जेफ. थॉरवाल्ड बायकोसाठी जेवणाचा ट्रे घेऊन येतो, त्यावर एक फूल ठेवलेलं. ती ते फूल बाजूला टाकून देते. त्याच संध्याकाळी इकडे लिसाने आणलेल्या सुंदर जेवणात जेफ खोट शोधतो. आजारी बायको आणि आजारी जेफ एकाच सुरात कुरकुरतात.

म्हणजे जेफला खुनाची इतकी धास्ती का, याला आणखी एक पदर येतो. जागचं हलता न येणारं माणूस नाहीसं केलं जातं, हे तो बघतो आहे. शेवटी थॉरवाल्ड त्याच्या दारात येतो तेव्हा अंधाऱ्या खोलीत असहाय बसलेला माणूस जेफ असतो. त्याच्यापाशी फ्लॅशचे बल्ब असतात, ते एकामागून एक पेटवून तो क्षणभर थॉरवाल्डचे डोळे दिपवतो. बाकी त्याच्या हातात काही नसतं.

## पर्स, अंगठी आणि तपास

मावसबहिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून इथे मी जरा रेंगाळते.

जेफ दिवसरात्र बघतो. पण बघितलेल्याचा अर्थ लावतं कोण? लिसा आधी त्याच्यावर वैतागते, परक्याच्या घरात डोकावणं तिला रोगट वाटतं, ती त्याची खुर्ची खिडकीपासून वळवते. मग तिची नजर समोर जाते. थॉरवाल्ड एका मोठ्या ट्रंकेला जाड दोर आवळत असतो. ती थबकते आणि जेफला म्हणते, पहिल्यापासून सांग, काय काय पाहिलंस आणि तुला त्याचा अर्थ काय वाटतो. त्या रात्री तीच खाली जाऊन पाटीवरचं नाव आणि पत्ता घेऊन येते. तोवर जेफला समोरच्या माणसाचं नावही माहीत नसतं.

मग येते पर्सची गोष्ट. थॉरवाल्ड सांगत असतो की बायको गावाला गेली. पण तिची रोजची आवडती पर्स घरीच आहे, आणि तो त्यातले दागिने काढून बघतो आहे. जेफने हे पाहिलेलं असतं, त्याला त्यात विचित्र वाटतं, पण पुराव्यासारखं दिसत नाही. लिसाला दिसतं. ती म्हणते, बाई प्रवासाला जाताना हाताशी असणारी पर्स मागे ठेवत नाही, आणि दागिने असे गुंता होईल अशा तऱ्हेने पर्समध्ये कोंबतही नाही. पोलीस खात्यातला मित्र डॉयल हे ऐकून बायकांच्या अंतर्ज्ञानाची टर उडवतो, असल्या गोष्टींवर मासिकं खपतात म्हणतो. माझ्या आईला मी हा सिनेमा दाखवला तेव्हा तिने इथे तो थांबवायला लावला. म्हणाली, "बरोबरच आहे त्या मुलीचं. मी गावाला जाणार आणि मंगळसूत्र घरी, पर्समध्ये, असं कधी होईल का?" जे आईला क्षणात कळलं ते डॉयलच्या डोक्यात शिरत नाही, कारण त्याच्या लेखी ते ज्ञानच नाही.

लिसाच्या भूमिकेचं मोठेपण मला इथे दिसतं. जेफच्या कामाला येण्यासाठी तिला जेफसारखं व्हावं लागत नाही. ज्याला तो 'फॅशनचं जग' म्हणून हिणवतो त्याच जगातली तिची जाण खून उघडकीला आणते. मिस टॉर्सोच्या बाबतीतही तसंच. तिच्याभोवती तीन पुरुष गोंडा घोळताना पाहून जेफ तिला राणी माशी म्हणतो. लिसा म्हणते, तिचं यातल्या एकावरही प्रेम नाही, ती बिचारी लांडगे आवरते आहे. सिनेमाच्या शेवटी मिस टॉर्सोचा खरा प्रियकर सैन्यातून सुट्टीवर येतो, बुटका, साधा, आल्या आल्या फ्रीजमध्ये खायला शोधणारा. लिसाचं म्हणणं अक्षरशः खरं निघतं. डोळे दोघांनाही होते.

## अंगण ओलांडणं

पुढचं सगळं धावपळीचं काम लिसाचं. थॉरवाल्डच्या दाराखालून चिठ्ठी सरकवून ती थोडक्यात निसटते. धापा टाकत परत येते तेव्हा जेफच्या चेहऱ्यावर जे येतं ते त्याआधी एकदाही आलेलं नसतं. मग जेफ खोटा फोन करून थॉरवाल्डला बाहेर काढतो, खाली काही पुरलंय या संशयाने लिसा आणि स्टेला अंगणातला फुलांचा वाफा खणतात, हाती काही लागत नाही. आणि लिसा कुणालाही न विचारता लोखंडी शिडी चढून, कठडा ओलांडून, फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये खुन्याच्या खिडकीतून आत शिरते.

ती आधी पर्स शोधते आणि जेफला दिसावी म्हणून खिडकीत उलटी धरून हलवते. रिकामी. मग दागिने सापडतात. तेवढ्यात थॉरवाल्ड परततो. जेफला सगळं दिसतं आणि करता काहीच येत नाही. तो खुर्चीत तळमळतो, स्टेलाला विचारत राहतो काय करायचं. एरवी पडद्यावर प्रियकर संकटात सापडला की खिडकीत उभं राहून तोंडावर हात दाबणं नायिकेच्या वाट्याला येतं. इथे ते काम जेम्स स्टुअर्ट करतो, आणि इतकं जीव तोडून करतो की लाज, भीती, प्रेम सगळं त्याच्या तोंडावर वाचता येतं.

पोलीस येतात. त्यांच्यासमोर उभी असताना लिसा हात पाठीमागे नेते आणि जेफला बोट दाखवते. बोटात थॉरवाल्डच्या बायकोची लग्नाची अंगठी. पुरावा मिळाला, हे ती सांगते. आणि ज्या माणसाने लग्न टाळत आणलं त्याला आपल्या बोटातली अंगठीही दाखवते. थॉरवाल्डला ती खूण दिसते, तो सावकाश मान वर करून थेट आपल्याकडे पाहतो. अख्खा सिनेमाभर सुरक्षित बसून बघणारे जेफ आणि आपण, त्या क्षणी पहिल्यांदा पाहिले जातो.

## 'हे सगळं तुम्हीच त्यात घालताय'

असं कुणी म्हणेल. साधा रहस्यपट, त्यात एवढा कीस कशाला? उत्तर मूळ कथेत आहे. सिनेमा कॉर्नेल वुलरिचच्या १९४२च्या कथेवरून घेतला. त्या कथेत नायकाची प्रेयसी नाहीच. समोरच्या घरात शिरायचं काम तिथे त्याचा नोकर, सॅम नावाचा पुरुष, करतो. पटकथाकार जॉन मायकेल हेज आणि हिचकॉक यांनी लिसा नव्याने घडवली आणि ते धोक्याचं काम तिच्याकडे सोपवलं. लग्नाचा झगडा, दोन आजारी माणसांची जोडी, अंगठी, हे सगळं तिच्याबरोबर आलं.

काळही लक्षात घ्यायला हवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखो बायका कारखान्यांत कामाला गेल्या. पुरुष परतल्यावर त्यांनी घरी जावं असा जोर सुरू झाला. जेफ आणि डॉयल हे युद्धात एकत्र विमानात उडालेले सैनिक. १९५४च्या प्रेक्षकांत असे परतलेले पुरुष आणि घरी पाठवलेल्या बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या.

## 'हिचकॉक आणि बायकांची बाजू?'

हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अभिनेत्री टिपी हेड्रन यांनी २०१६च्या आपल्या आत्मचरित्रात हिचकॉकने आपला छळ केल्याचं लिहिलं आहे. 'रिअर विंडो'चं कौतुक करताना मी ते बाजूला सारू शकत नाही. सिनेमा एकट्या दिग्दर्शकाचा नसतो, एवढं मात्र म्हणेन. लिसा हेजच्या संवादांतून, ईडिथ हेडच्या पोशाखांतून आणि सर्वांत जास्त ग्रेस केलीच्या चालण्या-बघण्यातून उभी राहिली आहे. कॅमेऱ्याने तिला शोभेची म्हणून मांडलं तरी ती स्वतः सतत बघत असते, आणि तिचं बघणं केलीच्या डोळ्यांत आहे.

## 'शेवटी तिनेच बदलायचं ना?'

तिला हवं ते लग्नच होतं, आणि त्यासाठी जीव धोक्यात घालून तिने स्वतःला सिद्ध केलं. जेफने काय सिद्ध केलं? हा सल मलाही आहे आणि सिनेमा तो पूर्ण काढत नाही.

पण शेवटचं दृश्य पाहा. थॉरवाल्डने खिडकीतून ढकलल्यामुळे जेफचे आता दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आहेत. तो खुर्चीत झोपला आहे, पाठ खिडकीकडे. कॅमेरा सरकत लिसाकडे जातो. ती पलंगावर पहुडली आहे, अंगात शर्ट आणि जीन्स, हातात हिमालयाच्या प्रवासावरचं पुस्तक. जेफला हवी होती तशी भटकी सोबतीण. मग ती मान वर करून त्याच्याकडे बघते. त्याला गाढ झोप लागली आहे याची खात्री करून घेते, पुस्तक बाजूला ठेवते, आपलं फॅशनचं मासिक उचलते आणि आरामात पानं उलटू लागते.